फार्मसीचं शिक्षण आणि मनावरचा ताण: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या फार्मसीच्या मुलामुलींकडून, त्यांच्या आईवडिलांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. नावं-गावं काढली आहेत, भाषा शक्यतो विचारणाऱ्याचीच ठेवली आहे. नियमांचे आकडे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या बी. फार्म (चार वर्षांची पदवी) नियमावलीतले आहेत. डी. फार्मचे (डिप्लोमाचे) नियम वेगळे आहेत, ते याला लावू नका. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर पुढे वाचत बसू नका. आत्ता १४४१६ ला (टेली-मानस, सरकारी मोफत हेल्पलाइन) फोन लावा.

१. फार्मसीलाच एवढा ताण का? माझे इंजिनीअरिंगचे मित्र तर मजेत दिसतात.

दिसतात, एवढंच म्हणता येईल. पण फार्मसीची रचना खरोखरच घट्ट आहे. सकाळी थिअरी, दुपारी चार-चार तासांची प्रॅक्टिकल, रात्री जर्नल, सेमिस्टरला दोन सेशनल (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षा) आणि त्यातच सबमिशन. पहिल्याच सेमिस्टरला शरीररचना, अ‍ॅनालिसिस, फार्मास्युटिक्स आणि इनऑरगॅनिक केमिस्ट्री एकदम अंगावर येतात. बारावीला गणित घेतलेल्याला रेमेडियल बायोलॉजी आणि बायोलॉजी घेतलेल्याला रेमेडियल मॅथ्स, म्हणजे जे टाळलं होतं नेमकं तेच समोर.

दुसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही. वर्गातल्या बऱ्याच जणांना एमबीबीएसला जायचं होतं. नीटच्या गुणांनी ते दार बंद झालं आणि ते इथे आले. ते दुःख बाजूला ठेवून टायट्रेशन करायला उभं राहणं सोपं नसतं. त्याबद्दल वर्गात एकदा मोकळेपणी बोलणं झालं तरी बरंच ओझं उतरतं, असा माझा अनुभव आहे.

२. थोडा ताण चांगला असतो म्हणतात. मग किती म्हणजे जास्त?

यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ मध्ये मांडलेली कल्पना अजून वापरली जाते: ताण वाढतो तसं काम एका मर्यादेपर्यंत सुधारतं, पुढे बिघडत जातं. ती मर्यादा प्रत्येकाची वेगळी. व्यवहारात एवढं बघा: परीक्षा संपल्यावर दोन-चार दिवसांत मन हलकं होतं का? होत असेल तर तो परीक्षेचा ताण. दोन आठवडे झाले तरी झोप नाही किंवा उठवत नाही, जेवण तुटलं आहे, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, पोट किंवा डोकं सतत दुखतं आहे, असं असेल तर कुणाला तरी दाखवायला हवं. कुणाला ते प्रश्न ११ मध्ये.

३. सर, गाव आत आहे. वस्तीची एसटी चुकली तर पहिलं लेक्चर जातं, पावसात तर गाडीच येत नाही. ८० टक्के हजेरी कशी भरायची?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच. आधी हिशोब समजून घ्या. ८० टक्के प्रत्येक विषयात हवेत, आणि थिअरी व प्रॅक्टिकल वेगवेगळी मोजतात. मुलं एकूण सरासरी बघतात आणि फसतात. थिअरीचं एक लेक्चर चुकलं तर एक तास जातो. प्रॅक्टिकलचा विषय ६० तासांचा, म्हणजे चार तासांची साधारण १५ प्रॅक्टिकल. त्यातली ८० टक्के म्हणजे १२. एका विषयात सबंध सेमिस्टरमध्ये तीनच प्रॅक्टिकल चुकवता येतात. म्हणून सुट्टी घ्यायचीच वेळ आली तर प्रॅक्टिकल नसलेला दिवस बघा.

८० च्या वर गेल्यावरही हजेरीचा उपयोग आहे. थिअरीच्या अंतर्गत गुणांत हजेरीला ४ गुण आहेत. ९५ टक्क्यांपासून पुढे पूर्ण ४, आणि ८० ते ८४ ला फक्त १. प्रश्न ४ मधला हिशोब वाचलात की हे गुण किती मोलाचे आहेत ते कळेल.

आता पावसाचं. दरड पडून घाट बंद झाला, गावाचा पूल पाण्याखाली गेला, तर त्याच दिवशी वर्गशिक्षकांना मेसेज टाका आणि दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज द्या. सेमिस्टर संपल्यावर आणलेल्या अर्जाला वजन नसतं. जुलै-ऑगस्टपुरतं चार जणांनी मिळून कॉलेजजवळ खोली घेणं काही घरांना परवडतं, आणि रोजचे तीन-चार तास वाचतात. शिक्षकांना मात्र माझं सांगणं आहे की भर पावसात सकाळी नऊला सेशनल ठेवू नका. अकराला ठेवल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

आणि जर्नलच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी घुसलं तेव्हा कपाटातले कागद वाचले नाहीत.

४. पहिली सेशनल पार वाईट गेली. आता नापासच ना?

नाही. थिअरीच्या १०० पैकी ७५ गुण सेमिस्टरअखेरच्या पेपरचे आणि २५ अंतर्गत. त्या २५ मध्ये सेशनलचे १५, बाकी १० हजेरी, वर्गातला सहभाग अशा गोष्टींचे. सेशनल ३० गुणांची होते, दोन्हींची सरासरी काढून १५ वर आणतात. समजा पहिलीत ६ आणि दुसरीत १८ मिळाले. सरासरी १२, म्हणजे १५ पैकी ६ गुण. पहिलीतही १८ असते तर ९ मिळाले असते, म्हणजे पहिली सेशनल बिघडल्याचं नुकसान तीन गुणांचं. शिवाय सेशनल सुधारण्याची एक संधी नियमातच दिलेली आहे, ती मागून घ्या.

उत्तीर्ण व्हायला अंतर्गत धरून १०० पैकी ५० लागतात. अंतर्गत २० असतील तर पेपरात ७५ पैकी ३० पुरतात, आणि १० असतील तर ४०. हा हिशोब कागदावर मांडला की रडत आलेली मुलं बहुधा शांत होतात. भीती आकड्यांची कमी आणि आकडे माहीत नसण्याची जास्त असते.

५. केटी लागली आहे. वर्ष जाईल का?

पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या सेमिस्टरचे राहिलेले विषय चौथ्या सेमिस्टरच्या परीक्षेपर्यंत पुढे नेता येतात. पण पाचव्यात बसायला पहिल्या दोन्ही सेमिस्टरचे सगळे विषय सुटलेले हवेत, आणि सातव्यात बसायला पहिल्या चारींचे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना सातव्यापूर्वी तिसरं आणि चौथं सोडवावं लागतं. म्हणजे पहिल्या वर्षाची एक केटी हे संकट नाही, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ती तशीच पडून असेल तर मात्र आहे.

पुन्हा बसताना फक्त सेमिस्टरअखेरची परीक्षा द्यावी लागते. अंतर्गत गुण तसेच धरले जातात. केटीचा विषय आणि चालू सेमिस्टरचा विषय आलटून पालटून वाचू नका. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस केटीला द्या. आणि घरी सांगून टाका. निकालापेक्षा निकाल लपवण्यानेच माणूस जास्त खचतो.

६. दहावीपर्यंत मराठी माध्यम. लेखी जमतं, पण व्हायवाला तोंडच उघडत नाही. उत्तर येत असूनही गप्प बसते.

बारावी विज्ञानाचे पेपर इंग्रजीत लिहिले असले तरी कोकणातल्या बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत शिकवणं मराठीतच होतं. इंग्रजी बोलायची पाळी पहिल्यांदा येते ती थेट बाहेरच्या परीक्षकासमोर. घशाला कोरड पडणारच.

तीन गोष्टी करा. एक, विषय मराठीत समजून घ्या, पण व्याख्या आणि कार्यपद्धतीची वाक्यं इंग्रजीत मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात नको, जिभेला सवय व्हायला हवी. दोन, मैत्रिणींसोबत रोज दहा मिनिटं खोटी व्हायवा: एक परीक्षक, एक उमेदवार, बाकीच्या ऐकणार, हसायचं नाही. तीन, पहिलं वाक्य ठरवून ठेवा. ‘एम ऑफ द एक्स्पेरिमेंट’पासून सुरुवात केली की पुढचं आपोआप सुटतं. अडलात तर ‘सर, मराठीत सांगू का?’ असं विचारायला लाजू नका. बरेच परीक्षक हो म्हणतात. जे नाही म्हणतात ते निदान थांबून ऐकतात.

जेवणाच्या सुट्टीत मालवणीत गजाली मारणाऱ्या मुलीला इंग्रजी येत नाही म्हणून ती हुशार नाही, असं समजणारे शिक्षक अजून आहेत. ती त्यांची चूक आहे, तुमची नाही. अपमान होत असेल तर प्रश्न १५ वाचा.

७. परीक्षेच्या आठवड्यात रात्रभर जागतो, चहावर चहा. चालेल ना?

फार्मसीच्या मुलाने हा प्रश्न फार्माकोकायनेटिक्सनेच (औषध शरीरात कसं फिरतं आणि निघून जातं याच्या शास्त्राने) सोडवावा. कॅफीनचा हाफ लाइफ साधारण पाच तास. रात्री आठचा कप पहाटे एकलाही अर्धा अंगात असतो. ते मेंदूत झोप आणणाऱ्या अ‍ॅडिनोसिनच्या रिसेप्टरला अडवतं, म्हणून झोप कळत नाही, पण झोपेची गरज तशीच राहते. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. अठरा ते पंचवीस वयाला रात्री सात ते नऊ तास हवेत. परीक्षेत सहा मिळाले तरी भागवता येईल, तीन मिळाले तर आदल्या रात्री वाचलेलं सकाळी नुसतं ओळखीचं वाटतं आणि लिहिता येत नाही.

चहा दुपारी तीननंतर बंद. पहाटेचा अभ्यास ज्यांना जमतो त्यांनी पेजेला उठणाऱ्या घराबरोबर उठावं.

८. औषधांची नावं लक्षातच राहत नाहीत. माझ्यातच काही दोष आहे का?

नाही. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की उजळणी न केलेलं फार झपाट्याने विसरलं जातं. एकाच दिवशी पाच तास देण्यापेक्षा आज, परवा, आठवड्याने, पंधरवड्याने अर्धा-अर्धा तास द्या, आणि पुस्तक मिटून आठवा. नावांच्या शेपट्या धरा: ‘-ओलॉल’ दिसलं की बीटा ब्लॉकर, ‘-प्रिल’ म्हणजे एसीई इनहिबिटर, ‘-सार्टन’, ‘-प्राझोल’ तसेच. कोडीन नि कोकेनसारखी जुनी नावं मात्र पाठच करावी लागतात.

९. मामाचं मेडिकल आहे. परीक्षेपुरती झोपेची अर्धी गोळी घेतली तर काय होतं? सीनिअर व्हायवाला प्रोप्रॅनोलॉल घेतात.

हा प्रश्न इतर कुठल्या शाखेच्या मुलांकडून येत नाही. गोळी हाताशी असणं हाच या शिक्षणातला वेगळा धोका आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

झोपेसाठी सर्रास घेतलं जाणारं अल्प्राझोलाम औषध कायद्याच्या शेड्यूल एच-१ या यादीत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी लागते, विक्रीची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद होते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. भाच्याला चिठ्ठीशिवाय दिलेली पट्टी म्हणजे मामाच्या लायसन्सवर गदा. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा. हे औषध नवीन आठवणी तयार होण्यात अडथळा आणतं. परीक्षेसाठी म्हणून तुम्ही अभ्यासच पुसायचं औषध घेत आहात. काही आठवडे रोज घेऊन एकदम बंद केलं तर आधीपेक्षा जास्त घबराट, निद्रानाश, काहींना झटकेही येतात. आधीच घेत असाल तर स्वतःहून एकदम सोडू नका, डॉक्टर हळूहळू कमी करून देतील.

धडधड कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याला घातक ठरू शकतं, आणि लहानपणी दमा होता हे अनेकांना माहीतच नसतं. सर्दीची गोळी झोपेसाठी घेणाऱ्यांचं डोकं दुसऱ्या दिवशी पेपरात जड राहतं. डोळा उघडा ठेवणाऱ्या गोळ्या तर नकोच. सीनिअरने दिली हे काही प्रिस्क्रिप्शन नव्हे.

याचा अर्थ औषधं वाईट असा नाही. मनोविकारतज्ज्ञाने तपासून दिलेलं नैराश्याचं औषध जरूर घ्या. त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात हे वर्गात शिकवलेलं स्वतःवर वेळ आली की मुलं विसरतात आणि पाचव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देतात.

१०. पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं तो विषय) शिकल्यापासून प्रत्येक आजार मलाच आहे असं वाटतं.

दुसऱ्या सेमिस्टरपासून हा प्रश्न सुरू होतो, आणि चौथ्यात मेंदूवरची औषधं आली की वाढतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांत हे जुनं आणि ओळखीचं आहे. लक्षणांची यादी वाचली की शरीराकडे लक्ष जातं, आणि लक्ष गेलं की धडधड जाणवते. एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या, मग विषय संपवा. गुगलवर रोज पुन्हा तपासत असाल आणि थांबवता येत नसेल तर तो चिंतेचा त्रास आहे, त्याला उपचार आहेत.

११. आमच्या कॉलेजात काउन्सेलर नाही. जायचं कुठे?

फोनवर: टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. रेंज नसलेल्या गावातून बोलायचं तर एसटी स्टँडवर आल्यावर लावा, पण लावा.

प्रत्यक्ष: जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. रत्नागिरीला तर प्रादेशिक मनोरुग्णालयच आहे, राज्यात अशी चारच आहेत. ‘रत्नागिरीला दाखवायला पाहिजे’ ही थट्टा ज्यांनी ऐकली आहे त्यांचे पाय तिथे अडखळतात. ओपीडीत झोप लागत नाही, छाती धडधडते म्हणून आलेली साधी माणसंच रांगेत असतात. तरीही नको वाटलं तर जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा.

कॉलेजचं म्हणाल तर २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमायला हवा, आणि लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी तशी व्यवस्था करायला हवी. बी. फार्मची चार वर्षं चालवणारं कॉलेज शंभराच्या आत क्वचितच बसेल. प्राचार्यांना लेखी विचारा. भांडायला नको, अर्ज पुरतो.

१२. उपचार घेतले तर पुढे फार्मसिस्टचं रजिस्ट्रेशन अडेल का?

नाही. फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ३६ नुसार नाव काढलं जातं ते चुकीने किंवा खोटी माहिती देऊन नोंद झाल्यास, अथवा गुन्हा वा व्यवसायाला न शोभणारं वर्तन सिद्ध झाल्यास. चिंतेवर किंवा नैराश्यावर उपचार घेणं त्यात कुठेच बसत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही दिला आहे. ‘लग्न जमेल का’ हा प्रश्न याच्या जोडीने येतोच. त्याचं उत्तर कायद्यात नाही. पण उपचार न घेता कुढत बसलेल्याचं लग्न सोपं होतं, असंही कुणी पाहिलेलं नाही.

१३. माझां चेडू फार्मसीक आसा. घराक येता, पण धड बोलणा नाय, जेवणा नाय. आमी काय करूचां?

पहिला अर्धा दिवस काहीच विचारू नका. त्यात ‘किती मार्क पडले’ हे अजिबात नको. उकड्या तांदळाचा भात, तिच्या आवडीचं कालवण, आणि झोपू द्या. मग कामात असताना विषय काढा. समोरासमोर बसवून विचारलेलं चौकशीसारखं लागतं. तिने सांगितलं की लगेच तोडगा काढू नका, आणि शेजारच्या मुलीचं उदाहरण तर मुळीच नको. बाबा मुंबईत चाकरीला असतील तर त्यांचा रोजचा फोनही अभ्यासावरच सुरू होऊन अभ्यासावरच संपू नये. प्रश्न २ मधली लक्षणं दोन आठवडे दिसली तर आईने सोबत जावं. देवस्कीचं काही करायचं असेल ते करा, पण डॉक्टर थांबवू नका.

१४. रूममेट म्हणते, जगून काय करू. कुणाला सांगू नको अशी शपथ घातली आहे.

शपथ मोडा. तिला एकटं सोडू नका, आणि सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. खोलीतली औषधं आणि घातक वस्तू बाजूला करा. लॅबमध्ये तिला एकटीला राहू देऊ नका, शिक्षकांना सांगून ठेवा. रेक्टर, एक विश्वासू मॅडम आणि घरचं एक माणूस यांना त्याच दिवशी कळवा. १४४१६ वर तुम्हीही तिच्या वतीने बोलू शकता. धोका समोर दिसत असेल तर ११२, किंवा सरळ जवळचं सरकारी रुग्णालय.

काही घडलंच असेल तर पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की असं करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरून चालायचं. तिला शिक्षा नाही, उपचार द्यायचे.

आणि हे सगळं केल्यावर तुम्हीही कुणाशी तरी बोला. मैत्रिणीचा जीव सांभाळायचं ओझं एकोणीस वर्षांच्या खांद्यांवर रात्रंदिवस नसावं.

१५. एक सर सगळ्यांसमोर पाणउतारा करतात. तक्रार केली तर इंटर्नल कापतील.

ही भीती खोटी नाही. म्हणून एकट्याने, तोंडी आणि रागात तक्रार करू नका. तारीख, वेळ, काय म्हणाले, कोण हजर होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. आधी मेंटॉर शिक्षक, मग प्राचार्य. तिथे भागलं नाही तर कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. चौघांनी मिळून सही केलेला अर्ज एकट्याच्या अर्जापेक्षा सुरक्षित.

त्रास सीनिअरकडून असेल तर ते रॅगिंग. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. देशपातळीवरची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

१६. फीचं टेन्शन झोपू देत नाही.

महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) आपल्या प्रवर्गाची योजना बघा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क सवलत शंभर टक्के आहे, मात्र प्रवेश कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) हवा. उत्पन्नाचा दाखला मेमध्येच काढून ठेवा. जुलैत तहसीलला गर्दी असते आणि सर्व्हर बंद.

१७. डी. फार्म करून रजिस्ट्रेशन झालंय, आता बी. फार्मला थेट दुसऱ्या वर्षाला आहे. एक मेडिकलवाले म्हणतात, नुसतं सर्टिफिकेट लाव, महिन्याला पैसे देतो. घरी गरज आहे.

नको. कायद्याने औषध द्यायचं ते नोंदणीकृत फार्मसिस्टने किंवा त्याच्या देखरेखीखाली, आणि तुम्ही त्याच वेळी कॉलेजात ८० टक्के हजेरी लावत आहात. तुमची हजेरीच तुमच्याविरुद्ध पुरावा ठरेल. तपासणी आली तर लायसन्स दुकानदाराचं जातं, पण नाव तुमचंही रजिस्टरवरून निघू शकतं (प्रश्न १२ मधलं कलम ३६). या भीतीने महिनोन्‌महिने झोप उडालेली मुलं मी पाहिली आहेत. आधीच अडकला असाल तर त्या दुकानातून नाव काढल्याचं लेखी घ्या आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तशी नोंद करा. संध्याकाळी किंवा रविवारी, दुसरा फार्मसिस्ट हजर असताना मदतनीस म्हणून खरंखुरं काम करणं ही वेगळी गोष्ट. ते आठवड्याला मोजके तास केलं तर व्हायवालाही उपयोगी पडतं.

१८. मानसिक आजार किंवा डिस्लेक्सियाचं निदान झालं आहे. परीक्षेत जास्त वेळ मिळतो का?

मिळू शकतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हे दोन्ही आहेत. ४० टक्के किंवा जास्त अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मागता येतो. प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन करायचा, तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. परीक्षेचा फॉर्म भरतानाच अर्ज जोडा, पेपरच्या आदल्या दिवशी काही होत नाही.

अक्षमता ४० च्या खाली भरली तरी लिहायला अडचण येते असं वैद्यकीय प्रमाणपत्र असेल तर लेखनिक आणि जादा वेळ मागता येतो. आजार तात्पुरता असला तर मात्र प्रकरण महाविद्यालय आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागावर सोपवलेलं असतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र, त्यात आजाराचं नाव लिहायचं की नाही हे तुम्ही ठरवा, आणि काय हवं आहे ते नेमकं मागा: पुढची सेशनल, वेगळी खोली, की औषधाने सकाळी गुंगी येते म्हणून दुपारची प्रॅक्टिकलची बॅच. ‘सवलत द्यावी ही विनंती’ असा मोघम अर्ज टेबलावरच राहतो.